सायकलचे पुढचे कॅरिअर घेताना

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान रोज पहाटे बारा लिटर दूध सायकलवरून सात किलोमीटरवरच्या संकलन केंद्रावर नेतात. दुधाच्या किटल्या हँडलला अडकवतात. थोरला मुलगा आषाढात मित्रांबरोबर त्याच सायकलने पंढरपूरला जायचे म्हणतो. दोन्ही कामांना उपयोगी पडेल असे पुढचे कॅरिअर बसवायचे आहे, तर कोणते घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे, की मागच्या पावसाळ्यात किटली पुढच्या चाकात जाऊन यजमान तोंडावर पडले आणि दोन दात गेले.

ताई, प्रश्नाचे खरे उत्तर या शेवटच्या ओळीत आहे. मागच्या चाकात काही अडकले तर सायकल फरफटत थांबते. पुढचे चाक एकदम अडले, की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून हँडलला किटली अडकवणे उद्यापासून बंद करावे. कॅरिअर मग सवडीने घ्यावे. बारा लिटर दूध म्हणजे सुमारे साडेबारा किलो, शिवाय किटल्यांचे वजन. एवढे ओझे मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटून, आकड्यांनी नीट अडकवून न्यावे. पुढे फक्त हलके सामान ठेवावे.

बैलगाडी भरताना आपण हाच विचार करतो. ओझे पुढे जास्त झाले तर बैलांच्या खांद्यावर येते, मागे जास्त झाले तर गाडी उलाळते. सायकलला आणखी एक अडचण असते. पुढचे ओझे हँडलबरोबर वळते. ते जितके उंच आणि जितके पुढे, तितके हँडल हातातून ओढले जाते. अर्धी भरलेली किटली पुढे ठेवली तर दूध हिंदकळते आणि प्रत्येक हिंदकळ्याला हँडल डुलते. काठोकाठ भरलेली किटली त्या मानाने शांत राहते.

बाजारात जी टोपली नुसती हँडलला अडकते, तिचा सगळा भार हँडलवर येतो. दोन-तीन किलो भाजीपुरती ती ठीक. दुसरा प्रकार म्हणजे चाकाच्या वर सपाट जाळी आणि तिचे दोन पाय खाली चाकाच्या आसापर्यंत आलेले. यात भार आसावर जातो, हँडलवर लोंबत नाही. पूर्वी पॅरिसमध्ये वर्तमानपत्रे पोहोचवणारे लोक अशाच रुंद कॅरिअरवर गठ्ठे बांधून सायकली पिटाळत, आणि त्यांच्या ओझ्यासकट शर्यतीही होत. तिसरा प्रकार लांबच्या प्रवासाला निघणारे वापरतात. त्यात चिमट्याच्या दोन्ही बाजूंना, आसाच्या उंचीवर, पिशव्या टांगतात. वजन खाली राहिल्याने सायकल स्थिर चालते. चांगल्या बनावटीच्या अशा कॅरिअरवर दोन्ही बाजू मिळून पंधरा किलोपर्यंत मर्यादा दिलेली आढळते. डांबरी रस्त्यावर हा प्रकार उत्तम. पण आपल्या पाणंदीत, बोरी-बाभळीच्या काट्यांत आणि गुडघाभर चिखलात त्या पिशव्यांचे काय होईल ते सांगायला नको. तुमच्यासाठी माझे मत दुसऱ्या प्रकाराला आहे.

धातू कोणता, हेही पाहावे. ॲल्युमिनियम हलके आणि दिसायला छान, पण वाटेत तुटले तर गावचा वेल्डर ते सहसा जोडू शकत नाही. लोखंडी सळईचे थोडे जड असले तरी कुठेही सांधता येते. ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतले तरी चालेल. मात्र पाय नुसते सरळ नकोत, त्यांना तिरपा आधार हवा. तयार झाल्यावर जाळी धरून आडवी हलवून पाहावी. डुलली तर परत करावी.

बसवताना घाई करू नये. जुन्या पद्धतीच्या सायकलला दांड्याचे ब्रेक असतात आणि ब्रेक दाबला की ती दांडी वर ओढली जाते. कॅरिअरची पट्टी तिच्या आड येता कामा नये. कॅरिअरचा पाय आसावर चढवल्यावर नट पूर्ण आट्यांवर बसला पाहिजे आणि एक-दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. आस तोकडा पडत असेल तर लांब आस घालावा. चिमट्याला भोक पाडू नये आणि वेल्डिंग तर मुळीच करू नये; तापलेल्या जागी तो कमजोर होतो. हल्लीच्या मुलांच्या सायकलींना पुढे स्प्रिंगचे शॉकअप असतात. त्यांना साधे कॅरिअर लावू नये, कारण चिमट्याचा खालचा भाग वर-खाली होतो आणि पाय वाकतात किंवा निखळतात. हँडलच्या बेअरिंगमध्ये खडखड असेल तर ती आधी काढून घ्यावी.

बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी चांगली, पण तिचे टोक आत खोचावे. लोंबते टोक, साडीचा पदर, पिशवीचा बंद, काहीही आऱ्यांजवळ असू नये. आणि आमच्या खात्याचे काम म्हणून सांगतो, औषध फवारणीचा रिकामा डबा कितीही धुतलेला असला तरी तो दुधासाठी किंवा वाटेतल्या पाण्यासाठी वापरू नये.

मुलाच्या प्रवासाचे म्हणाल, तर पुढे चार-पाच किलोच ठेवावे : पंक्चरचे सामान, पाना, पंप, शिदोरी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कपडे. अंथरूण मागे. निघण्यापूर्वी आठवडाभर तेवढेच ओझे लादून गावातल्या उतारावर ब्रेक दाबून पाहावेत. पुण्याकडून जाणाऱ्याला दिवे घाट चढताना उतरून सायकल ढकलता येते. परतताना तोच घाट उतरायचा असतो आणि ब्रेकचे रबर पावसात भिजलेले असते. तेथे थांबत थांबत, दोन्ही ब्रेक आलटून पालटून दाबत यावे. पहिल्या दिवशी दर मुक्कामाला सगळे नट पान्याने तपासावेत. नवे कॅरिअर पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्येच सैल होते.