एक तास अंधार, आणि उरलेले वर्ष?

१/५ मार्चअखेरच्या शनिवारी राजारामपुरीतही तासभर दिवे मालवण्याचे आवाहन होते. 'अर्थ अवर'ची ही प्रथा २००७ साली सिडनीत सुरू झाली. हेतू उत्तम, पण वीज येते कोठून, हा प्रश्न त्या अंधारात झाकला जातो.

२/५ करोनाकाळात, ५ एप्रिल २०२० रोजी, देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले. मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने घसरली. तो धक्का प्रामुख्याने जलविद्युत केंद्रांनी पेलला. पाणी काही मिनिटांत अडवता येते. कोळशाची भट्टी तासाभरासाठी विझवता येत नाही, फार तर मंदावते.

३/५ राज्याची बहुतांश वीज आजही कोळशाची. राजारामपुरी अंधारली तरी चंद्रपूर धुमसतच राहते.

४/५ जलविद्युत तरी फुकट आहे काय? कोयनेच्या १,९६० मेगावॅटसाठी शिवसागराखाली गावे गेली. त्या धरणग्रस्तांच्या वारसांना पुनर्वसनासाठी अजून आंदोलने करावी लागतात. त्यांच्या अंधाराला तासाची मर्यादा नाही.

५/५ राजर्षी शाहूंनी पाण्याच्या प्रश्नावर प्रतीक शोधले नाही. राधानगरीचे धरण हाती घेतले. त्यांच्या कोल्हापूरने दिवे जरूर मालवावेत. पण वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत 'ही वीज कोणाची, कशाची?' असे विचारणारा एक नागरिक शंभर विझलेल्या दिव्यांहून मोलाचा आहे.