माल आपला, नाव कोणाचे?

भंडारा जिल्ह्यात आपले तरुण आणि बचत गटांच्या भगिनी तांदूळ, मसाले, कोशाचे कापड स्वतःच्या नावाने विकू लागल्या आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र 'नाव भंडाऱ्यापुरतेच नोंदवले तर चालेल ना? देशभराचा खर्च कशाला?' असे आम्हाला वारंवार विचारले जाते. या प्रश्नाच्या मुळाशीच गैरसमज आहे.

ट्रेडमार्कची जिल्ह्यापुरती वा राज्यापुरती वेगळी नोंदणी आपल्या देशात नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत हा विषय केंद्र सूचीत, ४९ व्या क्रमांकावर आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली मुंबई कार्यालयात अर्ज केला तरी मिळणारा हक्क भारतभर चालतो. लोक ज्याला 'स्थानिक नोंदणी' समजतात, तो गुमास्ता किंवा उद्यम प्रमाणपत्र असते. त्याने धंद्याची नोंद होते. नावाची मालकी मिळत नाही.

मग नोंदणी नसलेल्याला संरक्षणच नाही काय? आहे. आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क कलम ३४ राखते. नक्कल करणाऱ्याविरुद्ध 'पासिंग ऑफ'चा दावाही करता येतो. पण त्यासाठी आपले नाव कोणत्या भागात, कधीपासून प्रसिद्ध आहे, हे बिले आणि जाहिराती दाखवून सिद्ध करावे लागते. तुमसरच्या पलीकडे बालाघाट लागते. तिथली ओळख कशी सिद्ध करणार? उलट नोंदणीकृत मालकाला कलम १३४ नुसार तो राहतो वा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे भंडाऱ्यातच, दावा लावता येतो. परमुलखातल्या कोर्टाच्या खेपांनी छोटा धंदा बुडतो.

गावाच्या नावाचा मोहही आवरावा. बालाघाट चिन्नोरला २०२१ मध्ये, तर भंडारा चिन्नोरला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते कोणा एकाचे नसते. त्या भागातील उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी. चिन्नोर सर्वांचा, पिशवीवरचे नाव मात्र आपले हवे.

वैयक्तिक अर्जदार वा लघु उद्योगाला ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षे टिकते. म्हणजे सरकारी शुल्क महिन्याला ४० रुपयेही पडत नाही.

गावच्या बाजारातच विकणाऱ्याने निदान बिले जपावीत. ज्याचे पाकीट तालुक्याबाहेर जाते, त्याने अर्ज करावाच. आणि तो अर्ज व्यापाऱ्याच्या किंवा दलालाच्या नावाने नको. जिच्या हातांनी धंदा उभा राहिला, तिच्याच नावाने हवा. राबायचे आपण आणि शिक्का दुसऱ्याचा, हे पिढ्यान्‌पिढ्या झाले. आता पुरे!