एका छताखाली दिलासा

अत्याचार सोसलेल्या मुलाला आपबीती किती वेळा सांगावी लागते? आधी आईला, मग पोलीस ठाण्यात, रुग्णालयात, दंडाधिकाऱ्यांपुढे आणि अखेर न्यायालयात. दर वेळी जखम नव्याने भळभळते.

अमेरिकेतील हंट्सव्हिल शहरात सरकारी वकील बड क्रॅमर यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये यावर उपाय निघाला. मुलाने दारोदार फिरायचे नाही. पोलीस, डॉक्टर, वकील आणि समुपदेशक यांनीच त्याच्यासाठी एकत्र यायचे. आइसलँडने १९९८ मध्ये ‘बार्नाहुस’ म्हणजे मुलांचे घर उभारले. हैदराबाद पोलिसांचे ‘भरोसा’ केंद्र २०१६ पासून याच वाटेने चालले आहे.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो, तोही पोलिसी गणवेश न घालता. २०२० च्या नियमांत मुलासोबत राहणाऱ्या साहाय्यक व्यक्तीची तरतूद आहे. तरीही २०२४ मध्ये बदलापुरात अत्याचार झालेल्या चिमुकल्यांच्या पालकांना तक्रारीसाठी तासन्‌तास ताटकळावे लागले.

प्रश्न एकट्या मुलाचा नसतो. आरोपी अनेकदा ओळखीचा, कधी घरातलाच कमावता माणूस असतो. तक्रार केल्यावर मुलाच्या आईने भाडे कुठून भरायचे? तिलाही सल्ला, निवारा आणि रोजगार एकाच ठिकाणी मिळायला हवा.

संकटातील मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. त्याच महाराष्ट्राने आता प्रत्येक जिल्ह्यात असे एका छताखालचे केंद्र उभारावे आणि येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र निधी ठेवावा.