हमी कॅपची, झीज समोरच्या दाताची

रूट कॅनालनंतर झिर्कोनिया या सिरॅमिकची कॅप बसवली की अनेकदा सोबत दहा-पंधरा वर्षांचे वॉरंटी कार्ड मिळते. ही हमी कॅप फुटण्यापुरती असते. त्या कॅपवर रोज घासला जाणारा समोरचा नैसर्गिक दात त्या कार्डात कुठेच नसतो. कॅप किती मजबूत, एवढेच विचारून आपण थांबतो, ही चूक आहे. बसवल्यानंतरचे पॉलिशिंग हा उपचाराचा अनिवार्य भाग मानला पाहिजे आणि ते केल्याची नोंद रुग्णाला मिळाली पाहिजे.

झिर्कोनिया इतकी कठीण, की ती समोरचा दात झिजवून टाकणारच, अशी समजूत आहे. कठीणपणात ती दाताच्या एनॅमलच्या जवळजवळ चौपट भरते, त्यामुळे भीती स्वाभाविक आहे. पण चावण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रांवरच्या चाचण्यांत वारंवार वेगळेच दिसले आहे. नीट पॉलिश केलेली झिर्कोनिया एनॅमल कमी झिजवते. तिच्याहून कितीतरी मऊ असलेले पारंपरिक पोर्सेलीन जास्त झिजवते. पाट्याचा दगड तोच असतो, पण टाकी लावली की त्यावर वाटण होते आणि तो गुळगुळीत झाला की होत नाही. इथेही खडबडीतपणाच निर्णायक आहे. पोर्सेलीनमधली काच वापरात झिजते, तिचे कण निसटतात आणि उरलेल्या धारदार कडा एनॅमल खरवडतात. झिर्कोनियाचे कण अतिशय बारीक आणि एकमेकांत घट्ट बसलेले असतात, म्हणून तिला आणलेला गुळगुळीतपणा टिकतो. मात्र ती खडबडीत सोडली, तर खडबडीतपणाही सहजासहजी जात नाही.

नेमके इथेच दुर्लक्ष होते. लॅबमधून कॅप चकचकीत येते, पण ती चकाकी बहुधा ग्लेझच्या पातळ थराची असते आणि चावण्याच्या जागी तो थर काही महिन्यांतच झिजू शकतो. शिवाय कॅप बसवताना रुग्णाला कार्बन पेपर चावायला देतात आणि उंच लागणारी जागा हिऱ्याच्या बरने, म्हणजे फिरत्या छोट्या हत्याराने, घासतात. म्हणजे समोरचा दात जिथे टेकतो, तिथलीच ग्लेझ जाते आणि बरचे ओरखडे उरतात. हिऱ्याची पूड असलेल्या रबरी चाकांनी, भरड ते बारीक अशा क्रमाने, ते ओरखडे काढता येतात. काम काही मिनिटांचे आहे.

दात तर एरवीही झिजतात, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. बेल्जियममधील ल्यूव्हेनच्या संशोधकांनी 1989 मध्ये नोंदवले, की दाढांचे एनॅमल एकमेकांवर घासून वर्षाला सुमारे 29 मायक्रॉन झिजते. हा वेग नैसर्गिक आहे. त्यात आपल्या हाताने भर घालण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात, त्यामुळे गेलेले एनॅमल परत येत नाही. खालचे डेंटिन उघडे पडले की ते मऊ असल्याने आणखी भराभर झिजते, दात ठणकू लागतो. यंत्रावरच्या चाचण्या म्हणजे तोंड नव्हे, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लाळ, आंबट पेये, झोपेत दात खाण्याची सवय यांनी झिजेचा हिशेब बदलतो आणि सगळ्या अभ्यासांचे आकडे जुळतही नाहीत. पण ही अनिश्चितता पॉलिशिंग टाळायला कारण ठरत नाही. ते केल्याने रुग्णाचे नुकसान होत नाही. न केल्याने शाबूत दाताचे होऊ शकते.

दवाखान्यात गर्दी असते, दरांची स्पर्धा असते, हे मान्य. तरीही हजारो रुपये घेऊन बसवलेल्या कॅपसाठी ही काही मिनिटे वगळली जाऊ नयेत. दंतवैद्यांच्या संघटनांनी पॉलिशिंगची नोंद बिलावर घालण्याचा आग्रह धरावा. आणि वाचकहो, कॅप घासून बसवल्यावर खुर्चीवरून उठण्याआधी विचारा: “डॉक्टर, घासलेल्या जागी पॉलिश केलंत ना?” झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तीही त्याच वेळी सांगा आणि पुढच्या तपासणीत समोरचा दातही बघायला लावा.