फुकटच्या रणगाड्याचे दात

जुलै २०२१ मध्ये ‘वॉर थंडर’ या ऑनलाइन युद्धखेळाच्या अधिकृत चर्चामंचावर एका खेळाडूने ब्रिटिश लष्कराच्या चॅलेंजर-२ रणगाड्याच्या तांत्रिक पुस्तिकेतला काही मजकूर टाकला. खेळातल्या चॅलेंजरची रचना चुकीची दाखवली आहे, एवढेच त्याला सिद्ध करायचे होते. कागद गोपनीयतेतून मुक्त झालेला नाही, असे ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाकडून कळल्यावर खेळ चालवणाऱ्या कंपनीने तो तातडीने काढून टाकला. त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रेंच लक्लेर रणगाड्याची पुस्तिका आली. तिथे वाद होता टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा भाग, किती वेगाने फिरते याचा. २०२२ मध्ये चिनी रणगाड्याच्या चिलखतभेदी गोळ्याचा तपशील आला आणि जानेवारी २०२३ मध्ये आधी एफ-१६ आणि काही दिवसांतच एफ-१५ या विमानांचे कागद.

बातम्या जगभर गाजल्या आणि त्याबरोबर एक मतही पक्के झाले. ते असे की, हे खेळाडू म्हणजे वेडापिसा जमाव आहे. खेळ फुकट मिळतो तरी कुरकुरतात. हजार हजार तास खेळतात आणि वर शिव्या देतात. ज्यांना काही म्हणायचे नाही ते मुकाट खेळत असतात, मूठभर आरडाओरडा करतात. आणि समतोल कसा साधायचा हे कंपनीच्या आकड्यांना कळते, हरल्याच्या रागात बोलणाऱ्यांना नाही. थोडक्यात, धर्माची गाय आणि दात का नाही? हा पूर्वपक्ष वरवर पाहता बिनतोड वाटतो. आत शिरले की त्याचे एकेक चाक निखळते. खेळाडू सगळ्या बाबतींत बरोबर आहेत असे मात्र यातून निघत नाही. ते कुठे चुकतात तेही पुढे येईलच.

आधी ‘फुकट’ पाहू. गायजिन एंटरटेनमेंट ही २००२ मध्ये मॉस्कोत सुरू झालेली कंपनी. तिचे मुख्य कार्यालय आता बुडापेस्टला आहे. तिने वॉर थंडर २०१२ च्या अखेरीस चाचणी स्वरूपात सर्वांसाठी खुला केला. प्रथम विमाने आली, २०१४ पासून रणगाडे, नंतर जहाजे. आज त्यात दहा देशांची दोन हजारांहून अधिक वाहने आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पण खेळात तीन चलने चालतात : वाहने विकत घेण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी सिल्व्हर लायन, नव्या वाहनापर्यंत पोहोचण्यासाठी संशोधनाचे गुण, आणि खऱ्या पैशांत मिळणारे गोल्डन ईगल. पहिल्या महायुद्धानंतरच्या खटाऱ्यापासून आजच्या रणगाड्यापर्यंत एकाच देशाच्या वाहनांची फांदी चढायची तर शेकडो तास लागतात. खेळाडू याला ‘ग्राइंड’ म्हणतात. दळण हा शब्द त्याला नेमका बसतो. हे दळण कमी करायचे तर प्रीमियम खाते घ्या, किंवा साठ-सत्तर डॉलरच्या घरातला तयार रणगाडा घ्या. म्हणजे कंपनी वेळ आधी महाग करते आणि मग सवलतीत विकते.

या बाजारात पैसे न देणारा खेळाडू आश्रित नसतो. जमिनीवरच्या लढाईत एका बाजूला सोळापर्यंत खेळाडू लागतात, दोन्ही बाजूंना मिळून बत्तीस. ज्याने सत्तर डॉलर मोजले त्याला गोळा मारायला समोर कोणीतरी हवे असते, आणि शेजारून साथ द्यायलाही. ही माणसे पुरवणारा हा फुकटा वर्ग आहे. तो उठून गेला तर विकत घेतलेला रणगाडा गॅरेजमध्ये उभा राहील. फुकट खेळणाऱ्याने तक्रार करू नये असे म्हणणे म्हणजे ज्यांच्यामुळे नाट्यगृह भरलेले दिसते त्यांना पास मिळाले आहेत म्हणून गप्प बसवणे.

मे २०२३ मध्ये हे कंपनीला अनुभवाने कळले. कमाई आणि दुरुस्तीखर्च यांच्या कोष्टकात बदल जाहीर झाले. आधीच चिमटीत असलेल्या खेळाडूंना ते आणखी आवळणारे वाटले. हरलेल्या लढाईनंतर दुरुस्तीचे बिल कमाईपेक्षा जास्त, हा अनुभव वरच्या श्रेणीत नवा नव्हता. स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर नकारात्मक रिव्ह्यूंचा हजारोंनी पाऊस पडला आणि २६ मे रोजी खेळावर बहिष्कार घालण्याची हाक आली. तो दिवस उजाडण्याआधीच कंपनीने बदल मागे घेतले. जूनमध्ये सुधारणांचा आराखडा आला आणि त्याच महिन्यात पहिला हप्ता लागू झाला. दुरुस्तीचा भार उतरला, कमाईचे गणित सैल झाले.

इथे पूर्वपक्ष म्हणेल : ही झुंडशाही झाली. रिव्ह्यूंचा मारा हे चांगले हत्यार नाही, हे मान्यच करावे लागेल. त्याने नव्या ग्राहकाला खेळाविषयी धड काही कळत नाही, आणि छोट्या कंपनीवर तो झाला तर ती बुडू शकते. पण स्टीमवर प्रत्येक रिव्ह्यूशेजारी त्या माणसाने किती तास खेळले ते दिसते. त्या मे महिन्यात रागावलेल्यांत शेकडो, हजारो तासवाले कितीतरी होते. ‘इतके तास खेळलात तर वाईट कसे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर त्या तासांतच आहे. दोन तास खेळलेल्याला दुरुस्तीखर्च म्हणजे काय हेच माहीत नसते. पहिल्या पायऱ्यांवर तो नगण्य असतो. जिथे बोचते तिथपर्यंत पोहोचायलाच शेकडो तास लागतात. तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार कोणाला? न पोहोचलेल्याला की पोहोचून थकलेल्याला?

मूठभरांच्या आरड्याओरड्याचा मुद्दाही याच ठिकाणी गळून पडतो. मूठभरांसाठी कोणतीही कंपनी आपल्या कमाईचे कोष्टक महिन्याभरात बदलत नाही.

आता आकड्यांकडे वळू, कारण पूर्वपक्षाचा खरा आधार तोच आहे. प्रत्येक वाहनाला ‘बॅटल रेटिंग’ असते. १.०, १.३, १.७, २.० अशा पायऱ्यांनी ते वर जाते आणि एका लढाईत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या वाहनात एक अंकापर्यंत फरक असतो. ६.७ चा किंग टायगर घेऊन निघालेला माणूस कधी ५.७ च्या गाड्यांत राजा असतो, तर कधी ७.७ च्या युद्धोत्तर रणगाड्यांसमोर उघडा पडतो. या दुसऱ्या प्रसंगाला ‘अपटियर’ म्हणतात, आणि खेळाडूंच्या बोलण्यात हा शब्द येतो तेव्हा बहुधा सोबत उसासाही येतो. हे रेटिंग ठरते कशावर? वाहनाच्या इतिहासावर किंवा चिलखताच्या जाडीवर नाही, तर खेळाडू ते वापरून काय कामगिरी करतात याच्या सांख्यिकीवर.

वरकरणी याहून निःपक्षपाती काही असू शकत नाही. पण सांख्यिकी मोजते ती रणगाडा अधिक माणूस अशी बेरीज. अमेरिकी झेंड्याकडे नवशिके ओढले जातात. त्यातला कोणी जड पी-४७ विमान घेऊन जपानी झीरोच्या मागे वळणांची झुंज खेळायला जातो आणि मरतो. पी-४७ चे बळ उंचीत आणि सूर मारण्यात आहे. वळणात झीरोशी स्पर्धा करणे हा आत्मघात. नोंद मात्र पी-४७ च्या खात्यावर होते : विमान कमकुवत. उलट कमी लोकप्रिय देशाचे वाहन सहसा जुने, मुरलेले लोक चालवतात. ते चांगले खेळतात, म्हणून वाहन ‘फार चांगले’ ठरते आणि त्याचे रेटिंग वर ढकलले जाते. पैसे देऊन थेट वरच्या श्रेणीत उतरणाऱ्या, पहिला रणगाडा उडताच लढाई सोडणाऱ्या नवशिक्यांमुळे हे गणित आणखी बिघडते. खेळाडू वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत, कधी शिवीसकट. शिवी वगळली तर ती सांख्यिकीवरची रास्त टीका उरते. रेटिंगमधल्या बदलांचा मसुदा कंपनी आधी जाहीर करून मते मागवते हे चांगलेच आहे. पण आकडा खेळाडूच्या अनुभवानुसार वेगळा करून दाखवला नाही, तर मत देणारा आणि निर्णय घेणारा एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत की नाही हेही कळत नाही.

हे एकट्या वॉर थंडरचे नाही. मिन्स्कमध्ये सुरू झालेल्या वॉरगेमिंग कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मध्ये दूर बसून आकाशातून गोळे टाकणाऱ्या तोफखान्यावर वर्षानुवर्षे राग होता. ‘तोफखाना काढूनच टाका’ ही मागणी अतिरेकी होती आणि ती मान्य झालीही नाही. २०१७ मध्ये ९.१८ या आवृत्तीत मात्र एका संघात जास्तीत जास्त तीनच तोफा, एका गोळ्यात रणगाडा उडवण्याची ताकद कमी आणि त्याऐवजी समोरच्या दलाला काही क्षण बधिर करण्याचा परिणाम, असा मार्ग निघाला. उपाय खेळाडूंचा नव्हता. दुखणे त्यांनीच दाखवले होते.

आणि आता खेळाडूंच्या चुका. त्यांतली सर्वांत लाडकी ‘रशियन पक्षपाता’ची. कंपनी मॉस्कोतून निघाली, तेव्हा सोव्हिएत रणगाडे मुद्दाम बळकट केले आहेत, असा हा आरोप. ज्याने टी-७२ चालवला आहे त्याला तो फारसा पटू नये. त्याची तोफ फारशी खाली झुकत नाही, म्हणून टेकडीमागून डोके काढून मारताना अर्धा रणगाडा उघडा पडतो. मागे सरकण्याचा वेग ताशी चार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी. आणि तळाशी गोल मांडलेल्या दारूगोळ्यात एक तुकडा शिरला की सगळा खेळ आटोपतो. पक्षपात करायचा असता तर या उणिवा इतक्या इमानाने ठेवल्या नसत्या.

तरीही हा आरोप निव्वळ भ्रम म्हणून सोडून देता येत नाही. २०२३ मध्ये खांद्यावरून डागायच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांवर कंपनीने एक तांत्रिक लेख प्रसिद्ध केला. अमेरिकी स्टिंगर हवेत किती तीव्र वळण घेऊ शकते, याचा युक्तिवाद त्यात सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या रचनेवरून केला होता. पाश्चात्त्य वस्तूचे मोजमाप सोव्हिएत पट्टीने का, असा खेळाडूंचा सवाल होता, आणि तो रास्त होता. कट कोणी रचला नव्हता; अभियंत्याच्या टेबलावर ज्या भाषेतली पुस्तके होती त्यांतून तो बोलत होता. खेळाडूंनी इथे आरोप चुकीचा केला, पण बोट योग्य जागी ठेवले.

गोपनीय कागद उघड करण्याच्या प्रकाराचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. तो कायद्याचा भंग आहे, त्याने सैनिकांच्या जिवाला धोका होतो. शिवाय असे कागद आपण वापरणार नाही हे कंपनीने वेळोवेळी स्पष्ट सांगितले आहे, त्यामुळे टाकणाऱ्याचा हेतूही साधत नाही. मात्र त्या वेडाच्या मुळाशी खेळाची स्वतःची रचना आहे, हे विसरता येणार नाही. वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये रणगाड्याला प्राणांचा आकडा असतो. गोळा लागला की तो घटतो. वॉर थंडरमध्ये तसा आकडा नाही. गोळा चिलखत फोडतो की नाही, फोडला तर आतले तुकडे चालकाला लागतात की तोफचीला, इंजिनाला की दारूगोळ्याला, हे मोजले जाते. गॅरेजमध्ये चिलखताच्या कोणत्याही भागावर जाऊन तिथली जाडी पाहता येते. चूक दाखवायची तर लेखी पुरावा द्या, असा कंपनीचाच नियम आहे. मूळ पुस्तिकेला सर्वांत जास्त वजन. म्हणून हजारो खेळाडू जुन्या अभिलेखागारांतल्या चाचणी-अहवालांत, गोपनीयता उठलेल्या पुस्तिकांत आणि संग्रहालयांतल्या मोजमापांत रात्री घालवतात, आणि त्यांच्या नोंदींवरून वाहने दुरुस्तही होतात. जी कंपनी अचूकपणा हाच आपला माल म्हणून विकते आणि तपासणीचे काम ग्राहकांवर सोपवते, तिच्या ग्राहकांना ‘कुरकुरे’ म्हणणे जमणार नाही.

भारतीय खेळाडूंची तक्रार या सगळ्यापेक्षा वेगळ्या जातीची आहे. तिच्यात मिलिमीटर नाहीत, मान आहे. दहा देशांत भारताची स्वतंत्र फांदी नाही; भारतीय वाहने ब्रिटनच्या फांदीवर टांगलेली आहेत, जशी २०२१ पासून दक्षिण आफ्रिकेचीही आहेत. ‘भावना दुखावण्यासारखे यात काय?’ असे म्हणणारे भेटतात. विजयंताबाबत त्यांचे म्हणणे मान्य करता येते. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये तो पाहिलेल्यांना ठाऊक असेल, चेन्नईजवळच्या आवडीत तो बांधला गेला तरी मूळ आराखडा ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीचा. त्याला ब्रिटिश फांदीवर बसवण्यात निदान वंशावळीचा आधार आहे. टी-९० भीष्मचे काय? भारताने २००१ मध्ये रशियाशी ३१० टी-९० चा करार केला, पुढे आवडीत त्यांचे उत्पादन सुरू झाले. आराखडा रशियन, कारखाना तमिळनाडूतला आणि ब्रिटिश लष्कराच्या ताफ्यात तो कधी नव्हताच. तो ब्रिटनच्या फांदीवर का आहे, याला ‘तिथे जागा रिकामी होती’ याखेरीज उत्तर सापडत नाही.