शाळेचा भाव

१८ सप्टेंबर २०२३ चा दत्तक शाळेचा जी.आर. काढून वाचा. शाळेला शेठचं नाव लावायचा भाव त्यात ठरलाय, महापालिकेच्या वर्गावर. ठाणे ‘ब’ वर्ग : दहा वर्षांला तीन कोटी. कल्याण-डोंबिवली ‘क’ : दोन कोटी. लोकलनं दिवा सोडलं की पाटी एक कोटीनं स्वस्त! तेही रोख नाही, वस्तू नि सेवांत.

पट घसरला की मात्र शाळाच बोजा. २०१७ साली दहाच्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळांना कुलूप लावायचं ठरलं. शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोर न पाठवणाऱ्या बापाला दंड होता. शंभर वर्षांनी दंड पोरालाच!

शाळा काय यांच्या बापाची हाय? घरपट्टीत शिक्षण कर घेतातच ना? मग दाता कसला? प्रभाग कार्यालयात घुसा, त्या कराचा हिशेब मागा.