पैसा उतरला कुणाच्या खात्यात?

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
आणि सर्व बँकांचे कार्यकारी प्रमुख



दिवाळी तोंडावर आली की तुमचे मेसेज सुरू होतात: ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, पैसे घ्यायला पिन लागत नाही. सल्ला चोख आहे आणि आमचा पाठही झाला आहे. तरीही बोनस जमा झाला की कोकणातल्या रिसॉर्टचं बनावट पान, निम्म्या दरातल्या मोबाइलची जाहिरात किंवा ‘पत्ता अपूर्ण, पार्सल अडकलं’ असा मेसेज कुणाला तरी गाठतोच. एप्रिल २०२५ मध्ये गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने केदारनाथच्या हेलिकॉप्टर बुकिंगपासून सोमनाथच्या अतिथिगृहापर्यंतच्या बनावट साइटबद्दल इशारा दिला होता. पण आगाऊ पैसे भरणारा काय तपासणार? फोटो खऱ्या हॉटेलचे असतात आणि फोनवरचा माणूस तुमच्या कॉल सेंटरपेक्षा अदबीने बोलतो.

भामट्याची वेबसाइट खोटी असते, खातं मात्र खरं असतं. आमच्या खात्यातून निघालेला पैसा आधी तुमच्यापैकीच कुणाकडे तरी उघडलेल्या खात्यात उतरतो. ते खातं आधार, पॅन आणि फोटो घेऊनच उघडलेलं असतं. पेन्शनरला केवायसीसाठी पुन्हा पुन्हा हेलपाटे घालायला लावणाऱ्या बँकेला, एरवी दोन-चार हजार असणाऱ्या खात्यात एका दुपारी लाखो रुपये येऊन काही मिनिटांत पुढे गेलेले दिसत नाहीत? अशी भाड्याने दिलेली खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्याच इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ ही यंत्रणा तयार केली आहे. मग कोणत्या बँकेत अशी किती खाती सापडली, हे बँकवार जाहीर करायला काय हरकत आहे?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिलं, हे मान्य. तिऱ्हाइताने परस्पर पैसे काढले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. पण त्याने स्वतःच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर तो त्याचा निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. फसवून दाबायला लावलेला पिन आणि बेफिकिरीने वाटलेला पिन एकाच मापाने मोजला जातो.

ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून वेगळी वाट धरली. तिथे फसवणुकीने पाठवायला लावलेली रक्कम ८५,००० पौंडांपर्यंत ग्राहकाला परत द्यावी लागते. बँकेला सुटायचं असेल तर ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. आणि भरपाईचा निम्मा बोजा पैसा ज्या बँकेत उतरला तिच्यावर पडतो. हे शेवटचं कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बोजा अंगावर आला की खातं उघडतानाच माणूस नीट पारखला जाईल.

सुट्ट्यांचंही बघा. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही यूपीआय चालू असतं, शाखा बंद असते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार लगेच नोंदवता येते. पण पुढच्या खात्यातली रक्कम गोठवायची ती बँकेनेच, आणि तिथे तास-दोन तासही फार होतात. सुट्टीतही गोठवण्याचा अधिकार असलेला माणूस प्रत्येक बँकेत हजर हवा. तक्रार आल्यापासून रक्कम अडवायला किती मिनिटं लागली, तेही वर सांगितलेल्या बँकवार आकड्यांत द्या.

यंदाचा बोनस जमा होण्याआधी ते आकडे प्रसिद्ध व्हावेत, ही विनंती.

कळावे,
एक खातेदार
सातारा